मिस एडनाचा क्रॉस आणि माझी टाकी

नलिनीकाकूंना मी तीनदा नाही म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं, काकू, मी नववीतून शाळा सोडलेली, मला काय लिहिता येणार. दुसऱ्यांदा म्हटलं, आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात सगळे डॉक्टर-इंजिनियर लिहितात, त्यात मी कुठं. तिसऱ्यांदा म्हटलं, मला भीती वाटते हो. तर काकू म्हणाल्या, "रेखा, तुला कशाकशाची भीती वाटत नाही ते सांग, ती लिस्ट लवकर संपेल." आणि म्हणाल्या, फोनमध्ये बोल, मी उतरवून घेते, फक्त अधूनमधून श्वास घे. म्हणून बोलतेय. माझ्या मुलीची, स्वराची स्कूलबस यायच्या आत संपवायचंय.

माझं काम सांगते आधी. मी दगड धुते. माझ्या नवऱ्याच्या, महेशच्या ऑफिसच्या पार्टीत एकीनं विचारलं, तू काय करतेस, मी म्हटलं दगड धुते, तर ती हसत सुटली, तिला वाटलं जोक आहे. जोक नाही. जुने दगड, कबरींवरचे, चर्चच्या पायऱ्यांचे, शेताच्या भिंतींचे. वर्षानुवर्षं पाऊस खाऊन त्यांच्यावर शेवाळ चढतं, काळे डाग पडतात, पाया ढिला होऊन दगड कलतो. आम्ही जाऊन साफ करतो, सरळ करतो, फुटलं असेल तर चुन्यानं जोडतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा बॉस वॉल्टर. सत्तरीचा आहे, इथलाच, जॉर्जियाचा, दिवसाला वीस-पंचवीस शब्द बोलतो, त्यातले निम्मे त्याच्या ट्रकला.

हे काम मला मिळालं ते आईमुळे. आम्ही बार्शीकडचे, पाथरवट. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरायची, "पाट्याला, वरवंट्याला टाकीऽऽ" असं ओरडत. टाकी म्हणजे पाण्याची नाही हं, टोकदार लोखंडी छिन्नी. पाटा वाटून वाटून गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती घसरते. मग टाकीनं त्याला बारीक बारीक ठोकायचं, ज्वारीचे दाणे पसरल्यासारखे खड्डे पाडायचे, की पाटा परत जिवंत. मी आठ वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसून ठोकायचे. पुढं मिक्सर आले, आईची पाटी घरात बसली, माझी शाळा सुटली, लग्न झालं, महेश शिकलेला, आमच्याच समाजातला, स्कॉलरशिपवर वर आलेला, त्याच्याबरोबर मी इथं अमेरिकेत, अल्फारेटाला आले. निघताना आईनं तिची एक टाकी माझ्या बॅगेत घातली. म्हणाली, तिकडं काय उपयोग न्हाई, पण असू दे.

उपयोग काकूंनी केला. त्यांनी साताऱ्याहून पाटा-वरवंटा आणलेला, बॅगेत, काकांचे सगळे कपडे बाहेर काढून. तो गुळगुळीत झालेला. मी म्हटलं, काकू, मी देते टाकवून. त्यांच्या गराजमध्ये बसून पाटा ठोकला, मग वरवंटा ठोकला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही बाकी ठेवलं नाही. दोन दिवसांनी काकू फोनवर म्हणाल्या, "चटणी मस्त झाली गं, पण वरवंटा हाताला टोचतो." मी मनात म्हटलं, दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारे हात, टोचणारच. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.

तर त्या दिवशी वॉल्टर काकूंच्या मागच्या अंगणात पायऱ्या बसवत होता. माझ्या ठोकण्याचा आवाज ऐकून तो गराजच्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं आवाजाची तक्रार, आता पोलीस. मी टाकी ओढणीखाली लपवली. तो म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "मदर." तो म्हणाला, "परत कर." मी केलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "मंडे. सेव्हन ओ'क्लॉक." बस. ग्रीन कार्ड आलेलं होतं म्हणून काम करता आलं, पण पहिले सहा महिने नुसती भीती. इंग्लिशची भीती, वॉल्टरच्या गप्प बसण्याची भीती, स्वराला डेकेअरला रडत सोडायची भीती, ती तेव्हा तीन वर्षांची होती.

वॉल्टरचा नियम एकच, जेवढं कमी करशील तेवढं बरं. पाणी, मऊ ब्रश, बांबूच्या काड्या, आणि वाट बघायची. तारेचा ब्रश नाही, ब्लीच नाही. मला हे कळायचंच नाही. आमच्याकडे दगड बिघडला की ठोकून नीट करतात, इथं बिघडलेला तसाच जपायचा. मी म्हणायचे, मग आपल्याला बोलवतात कशाला?

आता मिस एडना. इकडे गावाकडे म्हाताऱ्या बाईला सगळे मिस म्हणतात, लग्न झालेलं असलं तरी. मिस एडना पंच्याऐंशीच्या पुढची, अल्फारेटाच्या वर तासभर गेलं की डोंगराच्या पायथ्याशी तिचं शेत, नवरा वारलेला, मुलगा शार्लटला. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही, उजेड आणि सावली एवढंच. तरी एकटी राहते. तिच्या शेताच्या वाटेवर एक दगडी क्रॉस आहे. तिच्या नवऱ्याचे पणजोबा इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉल म्हणून जागा आहे तिथून इकडे सोन्याच्या खाणीत कामाला आले, तेव्हा हा क्रॉस बरोबर घेऊन आले. सातशे-आठशे वर्षांचा असेल म्हणे. मी म्हटलं, बाई गं, लोक पाटा आणताना कपडे काढतात, यांनी क्रॉस आणला.

वॉल्टरनं मला सांगितलं ते असं, की तिकडं जुन्या काळात माळरानावर रस्ते नव्हते, धुकं असायचं, म्हणून वाटेवर जागोजागी असे दगडी क्रॉस उभे करायचे. माणूस एका क्रॉसपासून दुसऱ्या क्रॉसपर्यंत चालायचा, हात लावायचा, दोन मिनिटं टेकायचा, पुढं जायचा. म्हणजे देवाचाही आणि वाट दाखवायचाही. पुढं लोक विसरले, मग कुणी तो गेटला लावला, कुणी ओढ्यावर आडवा टाकून त्यावरून चालले. मला आमच्या वेशीवरच्या वीरगळांची आठवण झाली, त्यांना पण लोक म्हशी बांधतात.

दिसायला अगदी साधा. माझ्या छातीएवढा उंच, वर तव्याएवढं गोल डोकं, त्यात चार सारख्या हातांचा क्रॉस कोरलेला, खाली चौकोनी खांब. आणि त्यावर काय होतं माहितीय? दगडफूल. आपल्या काळ्या मसाल्यातलं, तसंच राखाडी, कुरकुरीत. मी मिस एडनाला सांगितलं की आम्ही हे खातो. ती खुर्चीत बसून इतकी हसली. "वॉल्टर, ऐकलंस का? मी सत्तर वर्षं या क्रॉसकडे बघतेय, आणि ही मुलगी त्यात जेवण बघतेय." दुसऱ्या दिवशी मी मसाला नेला, तिनं वास घेतला, बराच वेळ घेतला, म्हणाली, "हनी, पावसानंतर हॅरल्डच्या कोटाला असा वास यायचा." हॅरल्ड तिचा नवरा.

आमचं काम चार दिवसांचं होतं, शेवाळ धुवायचं, पायाला खडी भरून घट्ट करायचं. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, डेकेअर बंद होतं, पाइप फुटला म्हणून, तर स्वरा माझ्याबरोबर. वॉल्टर खडी आणायला गेला. मिस एडना घरात. मी क्रॉस पुसत होते आणि खांबाच्या कडेला, कमरेच्या थोडं वर, एक जागा दिसली. तळहाताएवढी. बाकी दगड खडबडीत आणि ही जागा गुळगुळीत, चकचकीत, थोडी खोलगट. मी बोट फिरवलं तर घसरलं.

आता तुम्ही म्हणाल, कळायला नको का. नाही कळलं. आठ वर्षांची असल्यापासून माझ्या हातांना एकच शिकवलेलं, गुळगुळीत म्हणजे मेलेला दगड. मला त्या क्रॉसची दया आली, खरंच. मला वाटलं, बाकीचा एवढा छान आणि इथं झिजलाय बिचारा, आपण देऊ टाकवून, म्हातारीला सरप्राइज. वॉल्टरला विचारावंसं पण वाटलं नाही, कारण विचारलं तर तो नाही म्हणाला असता, म्हणजे कुठंतरी मला माहीत होतंच ना. मी डब्याच्या पिशवीतून आईची टाकी काढली. वीस मिनिटं लागली. बारीक, एकसारखं, आई असती तर शाबास म्हणाली असती. स्वरा म्हणाली, "मम्मा, यू मेड डॉट्स." मी म्हटलं, हो, बघ किती सुंदर.

मग मी नळाकडे बादली भरायला गेले, घराच्या बाजूला. स्वरा माझ्या ओढणीला धरून. तेवढ्यात मिस एडना दारातून बाहेर आली, टपालपेटीकडे निघाली. रोज अकराला जायची, एकटी. मी तिला बघितलं, हात हलवला, तिला थोडाच दिसणार, आणि मी पाणी भरत राहिले.

तिची वाट सांगते, म्हणजे कळेल. घरापासून वाट सरळ मोठ्या रस्त्यापर्यंत जाते. डाव्या हाताला आधी एक जुना दगडी गेटचा खांब लागतो, खडबडीत. मग दहाबारा पावलांवर क्रॉस. मग रस्ता, त्यावरून लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक जातात, थांबत नाहीत. टपालपेटी क्रॉसपासून उजवीकडे. तिचा हिशेब असा होता, खडबडीत लागला की चालत राहायचं, गुळगुळीत लागला की थांबायचं, उजवीकडे वळायचं, चार पावलं.

तिनं पहिल्या खांबाला हात लावला, पुढं गेली. क्रॉसला हात लावला. थांबली. परत हात फिरवला. तिथून मला तिचा चेहरा दिसला, असा चेहरा होतो ना, आपण खोलीत येतो आणि कशाला आलो ते विसरतो. वर हात नेला असता तर गोल डोकं लागलं असतं. पण रोजचा हात रोजच्याच जागी जातो. आणि मग ती सरळ चालायला लागली. रस्त्याकडे.

मला ओरडता येईना. सगळी इंग्लिश गेली. मी स्वराला नळाशी सोडलं, "इथंच थांब, हलू नको" म्हटलं, आणि पळाले, बूट चिखलात, तोंडातून फक्त "आजी, आजी, आजी" येत होतं, तिला काय कळणार आजी. ट्रकचा हॉर्न वाजला. मी तिला मागून कमरेला धरलं आणि दोघी गवतात बसलो, पडलो नाही, बसलो. ट्रकच्या वाऱ्यानं तिचे पांढरे केस उडाले. नळाशी स्वरा भोकाड पसरून रडत होती, पण हलली नव्हती.

मिस एडना मग अगदी हळू म्हणाली, "मी खांबाला हात लावला होता. मग परत तोच खांब लागला. रेखा, एकच खांब दोनदा कसा लागेल?"

मी तिच्या स्कर्टला चिकटलेलं गवत काढत राहिले.

"माझा मुलगा म्हणतो, आई, तुझं डोकं आता साथ देत नाही. मी भांडते त्याच्याशी. पण तो बरोबर आहे, हनी. डोळे गेले ते मी सोसलं. पण डोकं गेलं तर इथं नाही राहता येणार." शनिवारी तो येणार होता, तिला एक वृद्धांची जागा दाखवायला. इतके दिवस ती नाही म्हणत होती. "आज त्याला फोन करून हो सांगते."

तेव्हाच मला सांगायला पाहिजे होतं. तिथंच, गवतात. दोन वाक्यं होती. आणि मी नाही सांगितली. मला दिसत होतं की वॉल्टर मला काढणार, म्हणणार आठशे वर्षांचा दगड हिनं वीस मिनिटांत फोडला, केस होईल, महेशला काय सांगू, परत घरात चार भिंतींत बसू. हे सगळं मी एका श्वासात बघितलं, आणि मी मिस एडनाला म्हटलं काय, तर "चहा घेणार का?" तिला हाताला धरून घरी नेलं. वॉल्टर आला तेव्हा मी क्रॉसच्या त्या बाजूला उभी राहिले, दिसू दिलं नाही. तो म्हणाला उद्या त्याला दुसरीकडे काम आहे, इथलं सोमवारी संपवू. मी म्हटलं ओके.

रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडं सकाळ. सगळं सांगितलं, रडत. आईला आधी वाटलं मी उगाच रडतेय. "आगं, गुळगुळीत दगडाला टाकी लावली, त्यात चुकलं काय?" मग एकदम थांबली. "कशानं गुळगुळीत झालता गं? वाटून, का हातानं?"

"हातानं," मी म्हटलं.

आई म्हणाली, "आगं रेखे, वरवंट्याच्या दोन टोकांस्नी मी कधी टाकी लावलेली बघितलीस का तू? मधीच लावायची. टोकांवर बाईचा हात असतोय. ती जागा तिची असती. तिला आपुन हात लावायचा न्हाई." आणि म्हणाली, "हे तुला शिकवायचंच ऱ्हायलं बघ. तू लहान हुतीस, मधला मधला भाग देत हुते तुला ठोकायला, टोकांचं बोलायचं ऱ्हायलं."

काकू, तेव्हा मला तुमचा वरवंटा आठवला. मला वाटायचं वॉल्टरचं काम वेगळं आणि आईचं वेगळं. वेगळं नव्हतं. आईच्या पाटीत पण तो नियम होता, फक्त मी तो शिकायच्या आधी पाटी घरात बसली. मी शाळाही अर्धी केली आणि धंदाही अर्धाच शिकले.

आई म्हणाली, "सांगितलंस का तिला?" मी म्हटलं, नाही. आई म्हणाली, "मग माझ्याशी काय बोलत बसलीयास?"

शुक्रवारी महेश ऑफिसला, वॉल्टर दुसरीकडे, फोनवर सांगावं तर मिस एडनाला माझं इंग्लिश फोनवर कळत नाही, माणूस समोर असला की हातवारे तरी होतात. म्हणजे गाडी मलाच चालवायला लागणार. आता मला ओळखणारे हसतील, कारण मी तोपर्यंत हायवेवर कधी गाडी चालवलीच नव्हती, कामावर वॉल्टरच्या ट्रकमधून जायचे, इंडियन स्टोअरला पण आतल्या आतल्या रस्त्यानं जायचे. डेकेअर अजून बंदच होतं, स्वराला कारसीटमध्ये बांधलं, दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं की बोटं दुखली, आणि निघाले, सगळ्यात उजव्या लेनमध्ये, पन्नासच्या वर नाही, मागचे सगळे हॉर्न मारत होते, मी त्यांना मराठीत सॉरी म्हणत होते. स्वरा मागून म्हणाली, "मम्मा, व्हाय आर यू सिंगिंग?" मी गात नव्हते, कण्हत होते.

मिस एडना स्वयंपाकघरात बसलेली, समोर उघडी बॅग, त्यात दोन स्वेटर घडी करून ठेवलेले. मी म्हटलं, "मिस एडना, प्लीज कम." तिला हाताला धरून वाटेवर नेलं. पहिल्या खांबाशी थांबलो, तिचा हात त्यावर ठेवला. म्हटलं, "धिस, वन." मग चाललो. क्रॉसशी आलो. तिचा हात धरून त्या जागेवर ठेवला, आणि मग तोच हात वर नेला, गोल डोक्यावर. म्हटलं, "धिस इज नॉट पोस्ट. धिस इज युअर क्रॉस. आय मेड रफ. मी केलं. युअर हेड इज गुड."

तिनं हात खाली आणला, बोटांनी एकेक खड्डा चाचपला.  स्वरा मध्येच म्हणाली, "मम्मा मेड डॉट्स," अगदी अभिमानानं, मी तिचं तोंड दाबलं.

"म्हणजे मी वेडी नाही झाले," मिस एडना म्हणाली.

"नो, मॅम."

"खांब एकदाच लागला."

"येस, मॅम. एकदाच."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मला वाटलं संपलं, माफ केलं. पण ते रडणं वेगळं होतं. ती म्हणाली, "हॅरल्ड रोज कामाला जाताना इथं हात लावायचा. त्याचे वडील लावायचे. तो गेल्यावर मी लावायचे, म्हणजे आमचे दोघांचे हात एकावर एक. कळतंय तुला?" मला कळत होतं. शब्द सगळे कळले नाहीत तरी कळत होतं. मी तिच्या पायाशी बसले, आपल्याकडे बसतात तसं, आणि तिला ते कळेना, ती म्हणाली, "काही पडलं का तुझं?"

मग तिनं मुलाला फोन लावला. मी ऐकलं. "येऊ नको शनिवारी. म्हणजे ये, पण जेवायला ये. ती जागा कॅन्सल कर." तिकडून तो बरंच बोलला. ही म्हणाली, "माझं डोकं ठीक आहे. माझ्याकडे विटनेस आहे. दोन. एक तीन वर्षांची आहे, ती खोटं बोलत नाही."

सोमवारी वॉल्टर. मी आधीच सांगितलं, गाडीतून उतरायच्या आत. तो क्रॉसशी गुडघ्यावर बसला, भिंगातून बघितलं, खोली मोजली. दिवसभर एक शब्द नाही. त्याचं रागावणं बरं, त्याचं गप्प बसणं नको. दुपारी तो मिस एडनाला म्हणाला, मशीननं दहा मिनिटांत पॉलिश करून देतो, परत गुळगुळीत. ती म्हणाली, "वॉल्टर, मला किचन काउंटर नकोय." तो म्हणाला, मग काय करू? ती म्हणाली, "काही करू नकोस. तूच म्हणतोस ना, जेवढं कमी तेवढं बरं." संध्याकाळी त्यानं हात पुढं केला, मी टाकी दिली, त्यानं ती ट्रकच्या खणात ठेवून कुलूप लावलं. कामावरून काढलं नाही. आठ महिने मी फक्त पाणी आणि ब्रश. नवव्या महिन्यात एक दिवस टाकी माझ्या डब्याशेजारी ठेवलेली होती, तेलाचा हात फिरवून. तेव्हापासून कुठल्याही दगडाला हात लावायच्या आधी मी डोळे मिटते आणि बोटांनी शोधते, कुठं कुणाचा हात आहे का. वॉल्टरनं ते बघितलंय. बोलला नाही. त्याचं न बोलणं आता मला थोडं वाचता येतं.

मिस एडनानं मला एक शिक्षा दिली. महिन्यातून एका शनिवारी यायचं, स्वराला घेऊन, आणि त्या जागेला हात लावायचा. मी जाते. हायवेनं. दोन वर्षं झाली. हात लावून दगड गुळगुळीत व्हायला किती पिढ्या लागतात ते माझ्या आईला विचारा, आमच्या जन्मात होणार नाही. मला ते टोचतं अजून, हॅरल्डचा हात होता तिथं आता माझ्या टाकीचे दाणे आहेत. माफी मिळाली म्हणून ते भरून आलं असं मी म्हणणार नाही.

पण वाट तिनं परत शिकून घेतली. पहिला खांब ओबडधोबड, दुसरा मांजराच्या जिभेसारखा. मांजराची जीभ लागली की थांबायचं. स्वराला पण शिकवलंय. स्वरा डोळे घट्ट मिटून जाते, खांब, मग क्रॉस, तिचा हात त्या जागेपर्यंत पोचायला तिला टाचा वर कराव्या लागायच्या, आता लागत नाहीत, मग ओरडते, "कॅट टंग!", उजवीकडे वळते, आणि चार पावलांच्या जागी सहा मोजते, तिची पावलं लहान आहेत ना. मिस एडना व्हरांड्यातून विचारते, "काय आलंय, बेबी?" बहुतेक वेळा काहीच नसतं, जाहिराती असतात. स्वरा सांगते, "अ लेटर फ्रॉम अ कॅट."

बस आली वाटतं कोपऱ्यावर. काकू, एकच काम करा. अंक छापून झाला की एक कॉपी मिस एडनाला पाठवा, पत्ता मी देते. तिला मराठी येत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, मला माहितीय. मुलाच्या घरी पाठवू नका, माझ्याकडे पण देऊ नका. पोस्टानंच पाठवा. ती जाऊन घेईल.